सनशेडचा झगा

बायको, सुमेधा, वारल्यावर शैलेंद्रने तिच्या साड्या दोन काळ्या पिशव्यांत भरून मराठी मंडळाचे कार्यक्रम बसवणाऱ्या शोभनाताईंकडे दिल्या. कुणा गरजूंना द्या म्हणाला. त्यात तिचा चंदेरी झगाही गेला. हे त्याला कळलं ते मे महिन्यात, मंडळाच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला गेल्यावर. झगा मंडळातल्या वल्लरी नावाच्या मुलीच्या अंगावर होता.

झगा गाडीच्या काचेला लावायच्या सनशेडचा होता. अमेरिकेतल्या त्यांच्या पावसाळी रेडमंडमध्ये ऊन दिसायची मारामार, त्यामुळे शेड सेलमध्ये निघाल्या आणि सुमेधाने सहा आणल्या. युरोपातली ती देशोदेशींच्या गाण्यांची स्पर्धा ती दर वर्षी शनिवारी दुपारी कॉम्प्युटरवर बघायची. एका वर्षी राक्षसांचे मुखवटे घातलेले लोक जिंकले. पुढच्या वर्षी एक बाप्या डोक्यावर चांदणी लावून, सगळा चंदेरी होऊन नाचला. हसता हसता सुमेधा खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. तसलंच एक गाणं तिने मराठीत रचलं, झगा शिवला आणि गणपतीच्या कार्यक्रमाला नाव दिलं. शोभनाताईंनी यादीत त्या नावावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘आचरट’. सुमेधाने ती यादी फ्रिजवर लावली. अजून तिथेच होती.

“झगा माझ्या घरचा आहे,” शैलेंद्र म्हणाला.

“अरे, सुमेधाचाच आयटेम करतोय,” शोभनाताई म्हणाल्या. “तुला सरप्राइज देणार होते. आधी फोटोला हार, दोन मिनिटं शांतता. मग वल्लरी हळूहळू चालत येईल. मागे बासरी.”

“बासरी?”

“जरा सोबर केलंय. श्रद्धांजली आहे ना.”

“त्यात ‘ढुंगण हलवा’ आहे. ते बासरीवर म्हणणार?”

“ते कडवं कॅन्सल केलं.”

वल्लरी घसरता खांदा सावरत म्हणाली, “काका, इट्स टू बिग फॉर मी एनीवे.”

“करायचं तर जसंच्या तसं करा,” शैलेंद्र म्हणाला. “आणि निवेदनात सांगा, मागच्या वर्षी हे आम्ही आचरट म्हणून काढलं होतं.”

“गेलेल्या माणसावरून भांडणार आहेस का तू?”

“ती असताना तुम्ही भांडलात. मी आता भांडतो.”

“तुझं दुःख कळतं रे आम्हाला.”

“दुःख राहू द्या. झगा काढ, वल्लरी.”

तिने काढला. शैलेंद्र घडी न करताच तो घेऊन गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. शैलेंद्रने हॉलच्या दारासमोर गाडी लावली आणि झगा आतून पुढच्या काचेवर पसरला, चमकती बाजू बाहेर. बाह्यांच्या भोकांना सुमेधाने लावलेली लाल झालर काचेला चिकटली.

“पावसात शेड कुणी लावलीय यार?” बाहेर कुणीतरी हसलं.

सगळे आत गेले. मग त्याने सुमेधाच्या सरावाची कॅसेट लावली आणि खिडक्या खाली केल्या. ती बेसूर गात होती. मध्येच हसत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

झग्याच्या एका भोकातून त्याला शोभनाताई छत्री घेऊन धावत येताना दिसल्या.

“बंद कर ते,” त्या खिडकीशी वाकून दबक्या आवाजात म्हणाल्या. “आत सुमेधासाठी शांतता चालू आहे.”

गाणं ढुंगणापर्यंत आलं होतं. शैलेंद्रने आवाज वाढवला.