आतल्या कॉम्प्युटरने बाहेरच्याला लावलेला फोन

"कीबोर्डला हात लावलास ना भटू, तर बोटं तोडून खाली तुझ्या आईच्या एसटीडी बूथमध्ये टांगीन!"

आमचे कॉम्प्युटर क्लासवाले गनीभाई असे ओरडले. मी पण काही कमी नाही. म्हटलं, "मग तुम्हीच लावा हात. सकाळपासून लावताय. काय दिसलं?"

मागच्या आठवड्यात मी रागात कीबोर्डवर बुक्की मारली होती. एन्टरचं बटण उडून पंख्यापर्यंत गेलं. चिकटवलंय, पण अजून तिरकंच बसतं. तेव्हापासून मला बंदी. बघायचं, हात लावायचा नाही.

खुर्चीवर लीलाधरनाना बसले होते. चोपड्याच्या केळी संघाचे सेक्रेटरी. ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "तुमचं भांडण झालं की सांगा. साडेतीनची गाडी आहे माझी."

काम असं होतं. गनीभाईंनी संघासाठी केळीच्या भावाचं पान बनवलं, इंटरनेटवर असतं तसं. गावागावचे भाव भरले की पान आपोआप तयार. संघाने दोन कॉम्प्युटर घेतलेत. एकावर लिनक्स टाकून त्यात हे पान ठेवायचं, दुसऱ्यावर विंडोज, त्यातून बघायचं. नानांचं म्हणणं एकच, "विंडोजमधून दिसलं तर काम तुमचं. नाही तर नाशिकवाली पार्टी तयार बसलीय." हे काम गेलं तर गनीभाईंचा क्लास बंद. ते परत रेडिओ दुरुस्त करायला बसणार, आणि मला जिना चढून वर जायला कारणच उरणार नाही. शाळा तर मी नववीतच सोडलीय.

आता गंमत बघा. क्लासमध्ये धड चालणारा कॉम्प्युटर एकच. त्यात लिनक्स, त्यातच पान. मग विंडोज कुठून आणायचं? गनीभाईंनी पुण्याहून एक सीडी मागवली होती. तिच्यात असा प्रोग्राम, की कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालू होतो. एका चौकटीत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जेवायचं विसरलो होतो. आतला पण खऱ्यासारखाच उठतो, आपली मेमरी मोजतो. बाहेरच्याची चौसष्ट एमबी, आतल्याची बत्तीस. बापाने अर्धी भाकर काढून द्यावी तसं. आणि आतल्याला माहीतच नाही की आपण कोणाच्या तरी पोटात आहोत.

तर बाहेर लिनक्समध्ये पान झकास दिसायचं. भिंतीवर गनीभाईंनी खडूने मोठ्ठं लिहिलंय, 'सर्व्हरचा पत्ता 127.0.0.1'. क्लासच्या पोरांना पाढ्यासारखा पाठ. तोच नंबर आतल्या विंडोजमध्ये टाकला की पान सापडत नाही. अकरा वेळा टाकला. मी मोजले.

"विंडोजच खराब आहे," गनीभाई म्हणाले. "पुसून परत टाकतो."

"दोन तास जातील त्यात," मी म्हटलं. "विंडोजला काय झालंय? मघाशी गाणं वाजवत उठलं ना नीट."

"तू शिकवणार मला?"

तेवढ्यात खालून आईची हाक आली. तिला दळणाला जायचं होतं. मी पाय आपटत उतरलो आणि बूथवर बसलो.

काचेच्या आत झुंबरबाई. आमच्या गल्लीतल्या. लेक दिलीय धुळ्याला. चिठ्ठी बघून त्यांनी नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्याकडे धरला.

"आरे भटू, हाई तं दुसरीच बाई बोली राह्यनी!"

"कोड लावला का आधी? धुळ्याचा?"

"जावाईनी हाऊच नंबर दिना. त्या तं रोज हाऊच लावतस."

"ते धुळ्यात बसून लावतात, अक्का. तिथे चालतो. तुम्ही जळगावात बसल्यात. इथे तो नंबर इथल्याच कोणाचा तरी."

हे बोललो आणि तोंड उघडंच राहिलं. झुंबरबाईंना कोडसकट नंबर लावून दिला. आई येईपर्यंत एका पायावर उभा होतो. मग तीन तीन पायऱ्या चढत वर.

"गनीभाई, भिंतीवरचा नंबर बाहेरच्याने लावला तर बाहेरच्याकडेच लागतो. आतल्याने लावला तर आतल्याकडेच! तो स्वतःलाच विचारतोय, पान आहे का. त्याच्याकडे कुठून असणार?"

गनीभाई वळून भिंतीवरचा नंबर परत वाचायला लागले.

"मी हात लावत नाही," मी हात पाठीमागे बांधले. "तुम्हीच दाबा. बाहेरच्याला विचारा, तुझे नंबर किती."

त्यांनी लिनक्समध्ये विचारलं. तीन निघाले. एक भिंतीवरचा. एक मागच्या केबलचा. आणि तिसरा, ज्याच्याकडे आजवर कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. 192.168.47.1. तो प्रोग्राम टाकला तेव्हा आपोआप तयार झालेला. बाहेरचा आणि आतला यांच्यामधली वायर, जी दिसत नाही.

"हा टाका आत."

गनीभाईंनी टाकला. तिरकं एन्टर दाबलं. चौकटीत वाळूचं घड्याळ फिरलं. मग एकेक ओळ करत भाव उतरले. रावेर, सावदा, यावल, चोपडा.

नाना खुर्चीवरून उठले. चष्मा काचेला टेकेल इतके वाकले. म्हणाले, "भाव दिसले. केळी कुठे?"

पानावर वरती केळीच्या घडाचा फोटो होता. तिथे रिकामा चौकोन.

"फोटोचा पत्ता काय लिहिलाय?" मी विचारलं.

गनीभाईंनी कपाळावर हात मारला. तिथे पण भिंतीवरचाच नंबर! आतला बिचारा फोटो स्वतःच्याच घरात शोधत होता. पत्ता बदलला, आणि घड आला. हिरवागार.

"गनीभाई," नाना म्हणाले, "बोलला हा पोऱ्या. तुम्ही नुसतं दाबलं."

"नववीत शाळा सोडलीय त्याने. डोकं गरम आहे."

"मला मार्कशीट लावायची नाहीये. संघात पान लावून द्यायला याला आत्ताच पाठवा माझ्याबरोबर. उद्या संध्याकाळी परत येईल."

गनीभाईंनी ड्रॉवरमधून लिनक्सची सीडी आणि पानाची फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली. "एन्टरवर हळू," एवढंच बोलले.

हे मी एसटी स्टँडवर बसून क्लासच्या वहीत लिहितोय. गनीभाई, भिंतीवरचा नंबर पुसू नका. त्याच्याखाली लिहा, 'ज्याने लावला त्याच्याकडेच लागतो'. आणि एक राहिलंच. आज आतल्याने बाहेरच्याला फोन लावला. बाहेरच्याने आतल्याला लावला तर उचलेल का तो? आणि आतल्याच्या आत अजून एक उठवला तर त्याला किती भाकर

नाना हाका मारतायत. चोपडा गाडी लागली. निघतो.