जुलैतला रणगोजा

"आणि शेपूट?" प्रबोध सोहोनीने विचारलं.

"काळी. पार बुडापर्यंत काळी," समोरचे गृहस्थ म्हणाले. "पांढरं फक्त कमरेवर. तेही उडाला तेव्हा दिसलं."

उत्तर अगदी अचूक होतं आणि म्हणूनच ते प्रबोधला आवडलं नाही. लोक असं बोलत नाहीत. पक्षी पाहिलेला माणूस आधी गडबडतो, मग हातवारे करतो, मग स्वतःच्याच बोलण्यात अडकतो. हे तर पाठ करून आल्यासारखे बोलत होते.

शनिवारची दुपार होती. सिंगापूरच्या लिटिल इंडियातल्या त्या शाकाहारी हॉटेलात इतकी गर्दी की डोशाच्या ताटाला कोपर लागत होतं. टेबलावर पक्षीनोंद समितीचा अर्ज पसरलेला होता. पक्षी: रणगोजा, नर, एक. तारीख: अकरा जुलै २००४. ठिकाण: चांगीची भराव जमीन. साधन: टेलिस्कोप. साक्षीदार: नाही. फोटो: नाही.

रणगोजा हा वाळवंटातला पक्षी, चिमणीपेक्षा जरासा मोठा. थंडीत तो राजस्थानात उतरतो. सिंगापूरला त्याचं काही काम नाही, आणि भर जुलैत तर मुळीच नाही. चांगीला समुद्र बुजवून मैलभर वाळू पसरली होती हे खरं. वाट चुकलेला पक्षी वरून पाहील तर त्याला घरी आल्यासारखं वाटेल हेही खरं. पण खरं वाटणं आणि खरं असणं यांत फरक असतो. तो फरक सांभाळण्यासाठीच समितीने प्रबोधला सचिव केलं होतं.

"तुमचं पूर्ण नाव?" प्रबोधने विचारलं. नाव अर्जावर होतंच.

"शिवदास तुकाराम रामटेके. मूळचा भंडाऱ्याचा. चांगीला भराव किती खचतो ते मोजतो. आधी अकरा वर्षं जैसलमेरकडं कालव्याच्या सर्व्हेला होतो. तिथं हे पक्षी ढीगभर पाह्यले साहेब. खुंटी ठोकली की तिच्यावर येऊन बसायचे." ते हसले. "तीस ऑगस्टला मी परत चाललो. काम संपलं, इथला कामाचा पास संपला. जायच्या आधी तुमच्या यादीत एवढं लागलं तर बरं होईल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकाशांसाठी आकडे दिले. नाव कुठंच नाही लागलं. एका ओळीत लागलं तर मुलीला दाखवीन."

त्यांनी वहीतून फाडलेला टिपणांचा मूळ कागद पुढे सरकवला. प्रबोधने तो काळजीपूर्वक फाइलमध्ये ठेवला आणि "समिती ठरवेल" असं म्हणाला. हे वाक्य तो इतक्या थंडपणे म्हणायचा की समोरच्याचा चहा निवावा.

प्रबोध मुळात वाईट माणूस नव्हता. वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हीच त्याची भाकरी होती. त्यात पुण्यात असताना एका मित्राच्या शब्दावर त्याने एका दुर्मिळ घुबडाची ग्वाही दिली होती, आणि ते घुबड शेवटी भुसा भरलेलं निघालं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. प्रबोध त्यापुढे जाऊन पाणीही फुंकायला लागला होता.

घरी येऊन त्याने कागद दिव्याखाली धरला आणि त्याच्या भुवया चढल्या. कागद सर्व्हेच्या वहीतला होता, वर छापील रकाने होते. शेजारच्या टिपणांची अक्षरं सरळ होती. शेजारी काढलेला पक्षी मात्र उलटा होता. पाय वर, डोकं खाली. आणि काय चित्र होतं! काळा गळा, तो पंखाच्या काळ्याला जाऊन मिळालेला, छाती किंचित पुढे काढलेली. कागद फिरवला की रणगोजा जिवंत होऊन खुंटीवर बसत होता.

"अरुणा, हे बघ. माणूस चित्र उलटं का काढेल?"

"विचार की त्यांना," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "फोन नंबर दिलाय ना?"

"विचारलं की सावध होतात लोक."

"तू माझ्या आईच्या लोणच्याच्या बरणीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचतोस. बरणी सावध झाली का कधी?"

इतक्यात अकरा वर्षांच्या इराने डोकावून पाहिलं. "अप्पा, आमच्या आर्ट टीचर पण असंच सांगतात. पिक्चर अपसाइड डाउन ठेवायचं, मग कॉपी एकदम करेक्ट येते. ट्रिक आहे, लाह," ती शाळेतल्या सिंगापुरी सुरात म्हणाली.

झालं! संशयाला एवढंच हवं होतं. प्रबोधने लाल पेन उचललं, मूळ कागदावर पक्ष्याभोवती गोल काढला आणि प्रश्नचिन्ह टाकलं. अभिप्रायात लिहिलं, 'चित्र पुस्तकातून उलटं धरून नक्कल केलेलं वाटतं.' समितीच्या पाचही जणांनी सचिवाच्या शब्दावर मान डोलावली. नकाराचं पत्र गेलं, आणि कारण द्यायचा नियम असल्यामुळे ते वाक्यही जसंच्या तसं गेलं.

उलट उत्तर आलं नाही. फोन नाही, ईमेल नाही. इथे प्रबोधला चैन पडेना. नोंद नाकारली की लोक भांडतात, खरे लोक भांडतात आणि खोटे तर जास्तच. हा माणूस गप्प का? तीन आठवडे हा गप्पपणा त्याला दातात अडकलेल्या सुपारीसारखा सलत राहिला. शेवटी मूळ कागद परत करायचा आहे असं निमित्त काढून त्याने फोन केला.

"या न साहेब," रामटेके म्हणाले. "गेटवर नाव सांगून ठेवतो. शनिवारी दुपारी जेवणाची सुट्टी असते."

चांगीला ऊन मी म्हणत होतं. डोक्यावर उसनं हेल्मेट घालून प्रबोध वाळूत चालत गेला. रामटेके पत्र्याच्या शेडपाशी तिपाईवर लावलेलं एक जुनं यंत्र पुसत होते. पितळ उघडं पडलेली आखूड नळी होती, खाली स्क्रू.

"कंपनीची यंत्रं नवी आहेत. ही माझी लेव्हल, जमिनीचा उंचसखलपणा मोजायची, जैसलमेरची. कंत्राटदारानं भंगारात काढली तेव्हा मी घेतली. जेवताना हिच्यातूनच पक्षी पाहतो."

"टेलिस्कोप म्हणजे हा?"

"हाच. पहा की."

प्रबोधने डोळा लावला आणि चटकन मागे घेतला. पुन्हा लावला. वर वाळू होती, खाली आभाळ होतं, आणि दूर एक पिवळ्या हेल्मेटचा मजूर डोक्यावर उभा राहून डबा खात होता.

"सगळं उलटं दिसतंय!"

"जुन्या लेव्हलमध्ये उलटंच दिसते. आम्ही पट्टीवरचे आकडे तसेच वाचायला शिकलो. एक डोळा नळीला, एक हात वहीवर. जसं दिसते तसं काढायचं. पक्षी थोडाच थांबतो, मी कागद फिरवेपर्यंत?"

प्रबोधच्या कानशिलांत ऊन शिरलं. लाज वाटली, सरळ लाज वाटली. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडलं असतं. दिव्याखाली धरून कागद तपासला, मुलीच्या शाळेची अक्कल उसनी घेतली, आणि ज्याने काढलं त्याला तेवढं विचारायचं राहिलं.

"मला... तुम्ही सांगायला हवं होतं हो," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाही."

प्रबोधने फाइलमधून कागद काढून दिला. रामटेक्यांनी लाल गोल पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला. शाई निघाली नाही.

"डिप्लोमाला असताना ड्रॉइंगमध्ये मी पहिला आलो," ते शांतपणे म्हणाले. "परीक्षक म्हणाले, याचं इतकं चांगलं कसं येईल? कुठून उतरवलं? सगळ्या वर्गासमोर बसवून पुन्हा काढायला लावलं. काढून दाखवलं. मार्क कायम ठेवले त्यांनी. पण पोरं शेवटपर्यंत मला नकल्याच म्हणत. तुमच्या पत्रात तोच शब्द होता. चौतीस वर्षांनी."

प्रबोधने घाईघाईने बॅगेतून कोरा अर्ज काढला. "फेरविचार करता येतो. नवा पुरावा म्हणून हे यंत्र दाखवू. तुम्ही इथे फक्त सही करा, बाकी सगळं मी..."

रामटेक्यांनी अर्ज घेतला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. आता त्यांच्या कपाळावर तीच आठी होती, जी हॉटेलात प्रबोधच्या कपाळावर होती.

"नको साहेब. मी पुन्हा अर्ज केला म्हणजे पहिल्यांदा माझंच काही चुकलं होतं असं होते. मी जे पाह्यलं ते एकदा लिहून दिलं. तुम्हाला करायचा तर तुम्ही करा. कारणाच्या रकान्यात तुमचं नाव लिहा."

त्यांनी अर्ज परत दिला, लाल गोलाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि डब्यातली अर्धी पोळी प्रबोधपुढे केली. प्रबोधने ती खाल्ली.

तीस ऑगस्टला रामटेके गेले. सप्टेंबरच्या बैठकीत प्रबोधने अर्ज मांडला. कारण: सचिवाची चूक. यंत्राचा फोटो त्याने फिरवला, उलटं का दिसतं ते समजावलं. पाच जणांनी ऐकून घेतलं. अध्यक्ष मिस्टर टेओ हे निवृत्त शाळामास्तर. त्यांनी चष्मा काढला.

"सेम होमटाउन, इज इट?"

"नाही. आम्ही एकाच राज्यातले आहोत, एवढंच."

"ओह, सेम स्टेट." टेओंनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी टेबलाकडे पाहिलं. प्रबोधला ती नजर ओळखीची वाटली. वाटणारच, सहा वर्षं तो तीच वापरत होता.

"गेल्या महिन्यात तुम्हीच नक्कल म्हणालात," दुसरे एक सभासद म्हणाले. "आता तुम्हीच खरं म्हणता. मधे काय झालं? तुम्ही पक्षी पाहिलात का?"

"नाही."

"मग कशावरून सांगता?"

"त्यांनी पाहिला," प्रबोध म्हणाला.

मतदान झालं. दोन बाजूने, तीन विरुद्ध.

इतिवृत्त लिहिणं सचिवाचंच काम. प्रबोधने वही उघडली. रणगोजा, नर, एक. निरीक्षक, शिवदास तुकाराम रामटेके. अस्वीकृत. टेओ कारण सांगत गेले, "एकच निरीक्षक. फोटो नाही. निरीक्षक समितीला अपरिचित."

प्रबोधने पहिल्या दोन गोष्टी लिहिल्या आणि पेन थांबवलं.

"तिसरं राहिलं," टेओ म्हणाले.

"ते मी लिहिणार नाही," प्रबोध म्हणाला. "मी ओळखतो त्यांना."

मग टेओंनी चष्मा चढवला आणि पुढची नोंद घ्यायला सांगितलं.