मनगटावरचा बिब्बा

डॉक्टर सुलक्षणाबाईंचं पत्र दहा महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. उत्तर लिहायला बसलो की पहिल्याच ओळीला वाटे, आपण कोण लोकांना शिकवणारे?

२००९च्या उन्हाळ्यात माझ्या मनगटावर पांढरे डाग उठले. कोड असेल या धास्तीने मी ते बायकोलाही दाखवले नाहीत. भूगावला मुलाकडे, किशोरकडे, गेलो, तेव्हा त्याला मात्र सांगितलं; त्याने इंटरनेटवर एक व्हिडिओ लावून दिला. तो अडत अडत चाले. एक गृहस्थ संथ, शुद्ध मराठीत सांगत होते, डागांवर बिब्ब्याचं तेल लावा आणि उन्हात बसा. त्यांच्या पाठीमागे छतापर्यंत पुस्तकं होती. तीस वर्षं मी पौडच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. पुस्तकांपुढे बसलेला माणूस भलतंच सांगेल, असं माझ्या मनातही आलं नाही. सगळं वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

दोन दिवसांत मनगटावर फोड आले, कातडी सोलवटली.

सुलक्षणाबाईंचा दवाखाना पौडलाच. शाळकरी असताना त्या वाचनालयात यायच्या. त्या मला हसल्या नाहीत. जखम बांधता बांधता म्हणाल्या, "काका, नवं पुस्तक आलं की तुम्ही आधी काय बघायचात?"

"लेखक कोण, प्रकाशक कोण, छापलं कधी."

"मग या गृहस्थांचं नाव काय?"

वहीत सगळा उपाय उतरला होता, नाव तेवढं नव्हतं.

डाग कोडाचे नव्हतेच, साधं शिबं, कातडीवरची बुरशी होती. मलमाने गेली. बिब्ब्याचा व्रण मात्र राहिला. बरा झाल्यावर शरमेने मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही, तेव्हा त्यांचं पत्र आलं. 'तुमची हकिकत लिहून द्याल का? दवाखान्यात लावीन. नाव घालायचं की नाही, तुम्ही ठरवा.'

परवा आमच्या माले गावातले शेजारी कोंडाजी सकाळीच दारात आले.

"पंत, त्यो बिब्ब्याचा उपाय लिवून द्या की. आमच्या गौतमीच्या मानंवर पांढरा डाग आलाय. ऐतवारी तिला बघाया पावनं यायचं हायेत."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"किशोर म्हनला, तुमच्या वहीत हाय. तुमी लिवलंय म्हंजी पुस्तकातलंच असनार."

मी बाही वर केली. व्रण दाखवला, झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरून उजेडाकडे वळवलं.

"आन् इतकं दिस बोल्ला न्हाई व्हय? हात भाजला, तोंड कुटं भाजलं व्हतं तुमचं?"

"लाज वाटली हो."

"लई मोठी तुमची लाज! पोरीची मान गेली असती की."

त्याच दिवशी ते गौतमीला पौडला घेऊन गेले. मी वहीतलं ते पान फाडलं आणि लिहायला बसलो. या वेळी कागद एकही टाकावा लागला नाही.

'चि. सुलक्षणा, उशीर झाला, क्षमा कर. हकिकत सोबत आहे. खाली माझं नाव, गाव, तारीख सगळं घाल. लोकांना काही विचारावंसं वाटलं तर त्यांनी माल्याला यावं, मी हात दाखवीन. त्या दिवशी तू रागावली असतीस तर मी उपचार अर्ध्यावर सोडून घरी बसलो असतो. तू मला एक प्रश्न विचारलास आणि माझा हात वाचला. तुझे उपकार मानायला दहा महिने लावले. आता मानतो. तुझा, बंडोपंत काका.'

पाकीट चिकटवलं, टपालपेटीपर्यंत चालत गेलो आणि आत टाकलं.