काचेच्या कपाटातली जानमाज

मित्रांनो, मी एक जुनी जानमाज आहे, म्हणजे नमाजाचे आसन. नवलगुंदच्या हुसेनबींनी मला आपल्या घरच्या मागावर विणले. माझ्या अंगावर निळी कमान आहे आणि तिच्या आत भाविकाने मस्तक टेकण्याची जागा.

बेंगळुरूत, बसवनगुडीतील आपल्या छोट्या शाकाहारी लॉजसाठी सुब्बारावांनी मला मुद्दाम आणले. पाहुण्याला प्रार्थनेसाठी जागा शोधत फिरावे लागू नये, असे ते म्हणत. रेशमाचे व्यापारी, परीक्षेला आलेले विद्यार्थी, असे कितीतरी जण माझ्यावर गुडघे टेकून शांत मनाने उठले. त्यांच्या ओल्या पावलांचे पाणी माझ्या धाग्यांत मुरत असे. ते दिवस आठवले की आजही मन भरून येते.

पुढे सुब्बाराव निवर्तले. सुनंदाबाईंनी पतीची आठवण म्हणून मला काचेच्या कपाटात ठेवले. रोज उदबत्ती, काचेवर मोगऱ्याची माळ. मान पुष्कळ मिळाला, पण मला कोणी अंथरले नाही.

परवा मिरजेहून उमेर आणि मिसबाह हे तरुण दांपत्य आले. येथे मद्य नाही, न्हाणीघरात वजूची, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याची सोय आहे आणि जानमाज मिळते, हे मोबाईलवरच्या जुन्या माहितीत वाचूनच त्यांनी हे लॉज निवडले होते. सूर्य मावळत होता, मगरिबच्या नमाजाची वेळ होत आली होती. उमेरने जानमाज मागताच सुनंदाबाईंनी अभिमानाने कपाटाकडे बोट दाखवले.

"काकू, ही तर शोकेसमध्ये!"

"मग? देवाचं वस्त्र ते. त्यावर पाय कसा ठेवू देऊ, अप्पा?"

"पाय धुऊनच ठेवतो की आम्ही," मिसबाह हसली.

उमेर कुजबुजला, "हेब्बाळच्या त्या नव्या हॉटेलात जाऊ. तिथं प्रत्येक खोलीत असते."

"या ट्रॅफिकमधून? मगरिब सोड, रात्रीची इशासुद्धा रिक्षातच होईल!"

सुनंदाबाई ओशाळल्या. "स्वल्प थांबा हो. ह्यांनी हौसेनं आणलेली वस्तू. झिजली तर?"

"काकांनी कशासाठी आणली होती, काकू?" मिसबाहने हळूच विचारले.

 सुनंदाबाईंनी माळ उतरवली आणि मला बाहेर काढले. उमेरचे कपाळ कमानीत टेकले, तेव्हा माझा धागा न् धागा जागा झाला.

नमाज झाल्यावर त्याने मला नीट घडी घालून परत दिले. सुनंदाबाईंनी हात पुढे केला नाही.

"पहाटेही लागेल ना? सरी, ठीक आहे, मग खोलीतच असू दे."

मित्रांनो, आता त्या कपाटात चहाचे कप आहेत आणि माझा एक काठ विरू लागला आहे. जुन्या वस्तूंना अवश्य जपा. ऊन दाखवा, उसवले तर शिवा. पण त्यांचे काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका.