इथला चौथा

मला कशाकशाची भीती वाटते ते आमच्या अख्ख्या इमारतीला माहीत आहे, त्यामुळे लपवण्यात काही अर्थ नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मला भीती वाटते, कारण घामेजल्या मानेवर वारा बसला की माणूस आडवा होतो. ओल्या केसांनी कोणी बाहेर पडलं की भीती वाटते. यावर सगळे हसतात, हसू देत. पण माझी खरी भीती माझ्या पोराच्या डोक्याची आहे, आणि तिच्यावर कोणी हसत नाही. सगळे फक्त विषय बदलतात.

माझा वुकाशिन, आमचा वुले, रग्बी लीग खेळतो. आता बेलग्रेडमध्ये हा खेळ खेळतं कोण? टायरच्या दुकानात राबणारा माझा पोरगा, एक कुरिअरवाला, एक शाळामास्तर आणि असेच चार रिकामटेकडे. दिवसभर टायर काढायचे आणि घालायचे, संध्याकाळी चिखलात एकमेकांना आडवं पाडायचं, आणि घरी येऊन माझ्या कपड्यांच्या मशीनची वाट लावायची. पैसा नाही, नाव नाही, वर बरगड्या मोडलेल्या. आणि नवरा मिलोये त्याच्याहून वेडा. तो ट्रॉलीबस चालवतो आणि उरलेल्या वेळात देश चालवतो.

एप्रिलमध्ये एका सामन्यात वुलेच्या डोक्याला लागलं. घरी चालत आला, बूट काढले, टेबलाशी बसला आणि म्हणाला, "आई, आजोबा अजून आले नाहीत?"

आजोबांना मातीआड करून कित्येक वर्षं झाली. मला वाटलं, मस्करी करतोय. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातातली पळी गळून पडली. रात्रभर मी त्याच्या श्वासावर कान ठेवून बसले. सकाळी मात्र ठणठणीत! डॉक्टरीणबाईंनी काही आठवडे घरी बसवलं, मग खेळायला सोडलं, आणि निघताना मला म्हणाल्या, "आता काळजी नाही. पण पुन्हा तसा मार बसू नये, तेवढं बघा."

तेवढं बघा! मी काय मैदानात जाऊन त्याच्या डोक्याला उशी बांधू?

आणि त्यात सर्बियाच्या संघाचा हा ऑक्टोबरचा सामना आला. जिंकला तर विश्वचषकात जागा. मग काय, ऑस्ट्रेलियातून आमच्या लोकांची नातवंडं येणार, आमच्या नावाचे सदरे घालणार, हे ठरलेलंच. कुणाचे आजोबा इथून गेलेले, कुणाची आजी. पण या वेळी एक नियम होता: उतरणाऱ्या सतरांपैकी निदान चार जण या मोसमात इथल्या लीगमध्ये खेळलेले हवेत. आमच्यातले तीन पक्के होते. चौथा माझा वुले.

"आपण शाळाशाळांत जाऊन पोरांना शिकवायचं," मिलोये जेवताना पाव हवेत फिरवत होता, "चिखल आपण तुडवायचा, आणि विश्वचषकाचं नाव निघालं की सिडनीहून विमान भरून नातवंडं! त्यातल्या एकाला तरी राष्ट्रगीत येतं का? एकाला?"

"बाबा, त्यांच्याशिवाय उतरलो तर साठ गुणांनी मार खातो आपण," वुले म्हणाला.

"खाऊ दे! आपल्याच पोरांनी खाऊ दे!"

"मार तुम्हाला नाही बसत, बाबा. बरगड्या माझ्या आहेत."

"मग ते समोरचे तरी कोण आहेत? तेही निम्मे तिकडेच वाढलेले. ऑस्ट्रेलियावाले ऑस्ट्रेलियावाल्यांशी खेळणार आणि मैदान फक्त आपलं. तू नसशील तर त्यात सर्बियाचं काय उरलं, गवत?"

मी त्या समोरच्यांचे फोटो वुलेच्या फोनवर पाहिले होते. त्यांचं पोटच या खेळावर. सकाळी उठून लोखंड उचलायचं, हीच नोकरी. एकेकाची मांडी माझ्या कंबरेएवढी. मी कामाला आहे त्या बेकरीत चीज भरलेलं बुरेक कापताना सुरी हातात असायची आणि डोळ्यांसमोर त्या मांड्या.

आमच्याकडे तेव्हा ट्रेंट राहत होता. ट्रेंट हॉज. आईचे वडील इथले, प्रोकिच आडनावाचे, तेवढ्यावर हा सर्बियाचा. महिनाभर आमच्या क्लबकडून खेळायला आला होता आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपायचा. पाय बाहेर लोंबायचे. आजोबांकडून शिकलेलं त्याचं सर्बियन म्हणजे शिव्या आणि खाण्याचे पदार्थ. पण गोड पोरगा. मला 'तेटा' म्हणायचा, म्हणजे मावशी, आणि ताट स्वतः धुवायचा. माझ्या घरात ताट धुणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहिला.

ऑगस्टमध्ये तो परत जायला निघाला तेव्हा वुले सहज म्हणाला, "थांबला असता तर बरं झालं असतं. इथे अजून काही सामने खेळला की नियमाप्रमाणे त्यालाही इथलाच धरतात."

"म्हणजे चौघांतला?" मी विचारलं.

"हो. त्याला चौथा धरता येतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी सरळ ट्रेंटची बॅग उचलली आणि कपाटावर टाकली. "आता कुठे निघालास? मिरच्यांचा मोसम येतोय. त्या भाजून अय्वारची चटणी करायची, बरण्या भरायच्या. माझ्या हातचं ताजं अय्वार खाल्ल्याशिवाय तुला कोण जाऊ देतंय?"

पोरगं हसलं आणि राहिलं. मी त्याला कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेलं सारमा घातलं, बीन्सची आमटी घातली, रविवारी कोकराचं मटण घातलं. एकही सामना चुकू दिला नाही. त्याला शिंक आली तरी मी रात्री त्याच्या पायांना ब्रँडी चोळायची. मी कधी कुठल्या संघाला पाठिंबा दिला नव्हता, पण त्या मोसमात ट्रेंटचे सामने मी बोटांवर मोजत होते.

मिलोयेच्या ते लक्षात यायला वेळ लागला, पण आलं. "रादोयका," तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "तू आपल्या पोराच्या जागी या कांगारूला पोसतेयस?"

"पोसतेय."

"लाज नाही वाटत?"

"नाही वाटत. तुला आपला पोरगा अंगावर झेंडा गुंडाळलेला हवाय. मला जिवंत हवाय."

तो दार आपटून गेला. नंतर तासाभराने परत आला आणि मुकाट्याने मिरच्या सोलायला बसला. तोही घाबरलेला होता. पुरुषांची भीती ओरडण्यातून बाहेर पडते, एवढाच फरक.

एका गोष्टीचा मात्र मला त्रास व्हायचा. ट्रेंटची आई, मिलेवा, दर रविवारी व्हिडिओवर यायची. तिकडेच जन्मलेली, पण तिचं सर्बियन पन्नास वर्षांपूर्वीच्या खेड्यातलं. ऐकताना माझी आजीच बोलतेय असं वाटायचं.

"जेवतो का गं नीट?"

"दोन ताटं जेवतो."

"मग मला चिंता नाही. इकडे खेळायचा तर माझा जीव टांगणीला असायचा. तुझ्याकडे आहे म्हटल्यावर मी झोपते तरी."

"झोप तू," मी म्हणायची. "माझ्या पोरासारखाच आहे तो मला." आणि फोन ठेवला की मला कुणाच्या डोळ्यांत बघवायचं नाही.

संघ जाहीर झाला. चौथा इथला, ट्रेंट हॉज. वुकाशिन अठरावा, राखीव. समोरच्याने नियम मोडून आपल्या कुणाचं डोकं फोडलं आणि तो बाहेर गेला, तरच अठराव्याला आत घेतात. एरवी त्याने ट्रॅकसूट घालून पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. सुटले एकदाची! बाहेर आले तर दोघं पोरं टेबलाशी बसलेली.

"तेटा," ट्रेंट म्हणाला, "ही जागा वुलेची. मी कोचला सांगतो."

"काही सांगायचं नाही," माझ्या आधी वुलेच बोलला. "तू माझ्याहून चांगला आहेस. मला माहीत आहे, त्याला माहीत आहे. फक्त बाबांना माहीत नाही."

तो हसला, पण त्याने पानातलं काही खाल्लं नाही. पोराचं मन मोडलं, आणि मोडणारी मी. मोडू दे. मन मोडलं तर जुळतं.

सामन्याच्या सकाळी दोघं एकत्रच निघाले. कोणी परीक्षेला, प्रवासाला, कामगिरीवर निघालं की त्याच्या मागे उंबऱ्यात पाणी ओतायचं, म्हणजे सगळं पाण्यासारखं सुरळीत वाहतं. माझ्या आईने ओतलं, मीही ओतते. मी भांडं घेऊन जिन्यात गेले आणि ओतलं.

"कोणासाठी ओतलंस?" मिलोयेने मागून विचारलं.

मी भांडं पुसत राहिले. खरं सांगायचं तर पाणी सांडताना मी फक्त एकाचंच नाव घेतलं होतं.

मैदानावर थंडी होती. मी वुलेकडे बघत होते; बाकाच्या टोकाला, कानटोपी घालून सुखरूप बसलेला. मैदानात काय चाललंय त्याच्याकडे माझं लक्षही नव्हतं. मिलोये शेजारी घसा फोडत होता, आणि गंमत म्हणजे सगळ्यांत जास्त कोणासाठी? "चल ट्रेंट! चल माझ्या वाघा!" आम्ही बरोबरीत होतो. आमचे लोक वेडे झाले होते.

मध्यांतरानंतर तो आवाज आला. हाडावर हाड आपटल्याचा, इतक्या लांबून ऐकू येईल असा. मी वळून पाहिलं तर ट्रेंट गवतावर पडलेला आणि त्याचा एक हात वर, ताठ, हवेत तसाच राहिलेला. हात खाली येईना. समोरच्या गड्याने खांदा सरळ तोंडावर घातला होता. पंचाने त्याला बाहेर काढला. स्ट्रेचर आलं. ट्रेंटला नेलं.

आणि बाकाच्या टोकाला माझ्या पोराने कानटोपी काढली.

"मिलोये," मी म्हटलं. "मिलोये, तो उठतोय कशाला?"

अठराव्याला आत बोलावलं होतं. वुलेने ट्रॅकसूट काढला, दातांत रबर घातलं. तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजू लागला.

मिलेवा. ती तिकडे पडद्यावर बघत होती.

"रादोयका! कुठे नेलं त्याला? कोणी काही दाखवत नाही गं! तू तिथे आहेस ना? जा ना त्याच्याजवळ! त्याचं तिथे कोणी नाही!"

तेवढ्यात वुले आत पळाला. मी बघत असले की त्याला काही होत नाही, अशी माझी समजूत आहे. एप्रिलमध्ये मी बेकरीत होते. माझे डोळे त्याच्या पाठीला चिकटलेले आणि कानात ती बाई रडतेय. त्याचं कोणी नाही म्हणे. माझ्या सोफ्यावर झोपलेलं पोर! मी त्याला थांबवलं नसतं तर आज तो आईच्या घरी असता.

"कुठे निघालीस?" मिलोयेने माझी बाही धरली. "आपला पोरगा आत आहे!"

"तू बघ त्याच्याकडे. डोळा हलवू नकोस," मी म्हटलं आणि मैदानाकडे पाठ करून जिना उतरले.

खाली सिमेंटची खोली. डॉक्टर म्हणाले, रुग्णवाहिका दारात येतेय, तोवर त्याला जागं ठेवा. ट्रेंटचे डोळे उघडे होते, पण ते माझ्यावर ठरत नव्हते. मी त्याचा हात धरला. बर्फ.

"तेटा," तो पुटपुटला, "सामना कधी आहे?"

"बोलतोय!" मी फोनमध्ये ओरडले. "मिलेवा, बोलतोय तो, मला ओळखलं!"

पलीकडे ती हमसून हमसून रडली. मग नाक ओढत म्हणाली, "तू माझ्याकडे बघतेयस, तुझा तिकडे एकटा आहे. थांब, मी बघते त्याच्याकडे. अठरा नंबर ना? दिसला. उभा आहे. पाणी पितोय."

"पितोय? नीट उभा आहे?"

"अगदी नीट. तू माझ्याला सोडू नकोस, मी तुझ्याला सोडत नाही."

वर छप्पर हादरेल असा जल्लोष झाला. "काय झालं? मिलेवा, काय झालं?"

"काही नाही गं, अजून चालूच आहे... थांब, थांब... अगं बाई! आपण गुण घेतले! तुझ्यानेच चेंडू दिला!" तिच्याकडे चित्र उशिरा पोचत होतं. इथे घडून गेलेलं तिला मागाहून दिसायचं.

"सामना कधी आहे, तेटा?" ट्रेंटने पुन्हा विचारलं.

"चालू आहे, बाळा. डोळे मिटू नकोस."

मग वर हजारो माणसांच्या तोंडून एकच "हाय!" निघाली. आणि पाठोपाठ सगळं गप्प. शिट्टी नाही, टाळी नाही, काही नाही. छपरातून कोणाच्या तरी धावण्याचा आवाज तेवढा आला.

मी ट्रेंटचा हात सोडला नाही. फोन कानाला दाबून धरला.

"पळतोय बघ," मिलेवा हसत सांगत होती. "चेंडू त्याच्याकडेच आहे. किती छान पळतो गं तुझा पोरगा!"