आईच्या पट्टीतलं शहर

वाळवी हे नाव ऐकलं की शहर चालवणाऱ्या यंत्रणेच्या मुख्यालयातल्या भल्याभल्यांना घाम फुटायचा. तिने एकदा शहरभरच्या कॅमेऱ्यांना तीन दिवस आभाळाकडे बघायला लावलं होतं. दुसऱ्यांदा खुद्द संचालकसाहेबांच्या घराचं दार त्यांनाच ओळखेना, आणि साहेब दोन तास पायरीवर बसून राहिले. अशी ही वाळवी सकाळी साडेदहाला स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली मांडीवर संगणक घेऊन बसली होती आणि मुकाट्याने आईची बोलणी खात होती.

"टेबलाखाली काय शिरलीस? पाठीचा कणा मोडेल! आणि ते केस बघ, झाडू बरा!"

छताला चिकटलेल्या डबीचा दिवा लाल झाला. अशी डबी प्रत्येक खोलीत असे. माणसं काय बोलतात याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं, कुठल्या पट्टीत बोलतात तेवढंच ती मोजायची. चढा आवाज ही बंडाची सुरुवात, असं यंत्रणेचं ठाम मत होतं. शंभर लाल दिवे भरले की दारात गाडी येई आणि माणसाला शांतिगृहात नेई. माणसं परत यायची, नाही असं नाही. पण शेजारचा शिंपी परत आला तो स्वतःच्या बायकोलाच गोड हसून "आपली ओळख?" असं विचारत होता.

आईचे शंभर आदल्या दिवशी भरले होते. गाडी अकराला येणार होती.

वाळवीच्या नावावर मात्र एकही लाल नव्हता. आईचं बोलणं संपलं की आपण बोलायचं असं तिने लहानपणीच ठरवलं होतं, आणि ते काही संपत नव्हतं. त्यामुळे सगळी बंडखोरी बोटांत उतरली. यंत्रणेने तर तिला दोनदा आदर्श नागरिक म्हणून प्रशस्तिपत्र दिलं होतं.

"आई, जरा गप्प बसतेस का?" ती पुटपुटली.

"मी गप्पच आहे!" आई गरजली.

लाल दिव्यांच्या नोंदी सात कुलपांत होत्या. तिथे हात घालायला अख्खा आठवडा हवा होता. शोधता शोधता वाळवीला कोपऱ्यात एक बेवारशी फाईल सापडली. तिच्यात एका बाईचा मधाळ आवाज होता. सगळ्या शहराचे आवाज याच नमुन्याशी ताडून बघत. नोंदी चोरीला जातील ही धास्ती सगळ्यांना होती, पण माप कोणी पळवेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वाळवीने मायक्रोफोन आईपुढे धरला. "काहीतरी बोल."

"आत्ता म्हणालीस गप्प बस, आता म्हणतेस बोल! मी काय रेडिओ आहे?" इथून सुरू झालेली सरबत्ती चार मिनिटांनी थांबली. वाळवीने तो आवाज नमुन्याच्या जागी बसवला. डबी हिरवी झाली आणि आईचे शंभर लाल पुसले गेले. वाळवी टेबलाखालीच नाचली आणि डोकं आपटून घेतलं.

तेवढ्यात घंटी वाजली. दारात दोन अधिकारी उभे होते, मागे गाडी.

"नमस्कार, बाई. आपण जरा आमच्यासोबत येता का?" थोरला अधिकारी लोण्यासारखं बोलला.

डबी लालभडक झाली. तेव्हा कुठे वाळवीच्या लक्षात आलं. माप एकट्या आईसाठी बदललेलं नव्हतं, ते साऱ्या शहराचं होतं! अधिकाऱ्यांचे जन्मभराचे गोड शब्द एका दमात लाल झाले. गाडीतून लोखंडी हात आला, त्याने दोघांच्या कॉलर धरल्या आणि नियमाप्रमाणे विचारलं, "अखेरची आवाजचाचणी. काही बोलायचंय?"

"हे बरोबर नाही हं," दोघं शिस्तीत, हळुवारपणे म्हणाले. हाताने त्यांना आत टाकलं.

मग तो हात आदर्श नागरिकाकडे वळला. तिचं जन्मभराचं हळू बोलणंही आता लालच होतं. वाळवीचे पाय जमिनीवरून सुटले.

"अखेरची आवाजचाचणी. काही बोलायचंय?"

"ओरड गं!" आई किंचाळली.

"कुणावर?" वाळवी पुटपुटली.

"माझ्यावर! चोवीस वर्षं तुला बोलतेय, एकदा तरी उलटून बोल!"

वाळवीने तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. "कशाला बोलायचीस त्या डबीसमोर? शंभर भरत आलेत हे दिसत नव्हतं? तुला नेलं असतं, आणि तू मला ओळखलं नसतंस! मी काय केलं असतं गं? तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

डबी हिरवी झाली. हाताने तिला खाली ठेवलं, आणि गाडी अधिकाऱ्यांना घेऊन निघून गेली.

वाळवीने संगणक ओढला. शहरात गोड बोलणारे हजारो होते, आणि गाड्या आता त्यांच्या दारात जाणार होत्या. आता मापच पुसून टाकायचं, तेही लगेच. आई तिच्याशेजारी जमिनीवर टेकली. डोळे पुसत, कधी नव्हे त्या हलक्या आवाजात म्हणाली, "कळत होतं गं मला. पण तू सारखी त्या पडद्यात. मी बोलले नाही तर तू मान वर..."

डबी लाल झाली.

"आई, पुसायला अजून दोन मिनिटं लागतील! तोवर मोठ्याने!"

आईने छातीभर श्वास घेतला.

"माझा जीव आहे गं तुझ्यात!" तिने असा आवाज लावला की खिडकीची तावदानं थरथरली. पोरगी चोवीस वर्षं ज्याची वाट बघत होती, ते सगळ्या गल्लीने ऐकलं.