जलधराची पाठ

'पंचबाहू'चा तिसरा भाग पडला तो कपड्यांमुळे, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पाच वीर जगाला वाचवायला निघतात आणि पाचांचेही झगे घोट्यापर्यंत लोळतात. उडणारा गगन गच्चीवरून झेप घेतो, तर झगा त्याच्याच तोंडावर. बावीस वर्षं मी रत्नागिरीत शिलाईचं दुकान चालवत होतो. असला झगा मी नाटकातल्या राजालाही शिवून दिला नसता. लोक म्हणाले, कथा वाईट होती. कथा वाईट होतीच. शेवटी पाचही वीर एका पुलाखाली सापडून मरतात. पण नीट कपड्यांत मेले असते तर पब्लिकनं सांभाळून घेतलं असतं.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. जानेवारीत राजापूर गाडीचा कंडक्टर बाबू एक हिंदी सिनेमा साप्ताहिक घेऊन दुकानात आला. आतल्या पानावर निर्मात्याचं निवेदन होतं. मालिका पहिल्यापासून नव्यानं सुरू करायची आहे, वीर पुन्हा जिवंत होणार आहेत, रसिकांनी सूचना पाठवाव्यात, मात्र खर्च आटोपशीर असावा. आम्ही तिथल्या तिथे 'पंचबाहू रसिक मंडळ, रत्नागिरी' स्थापन केलं. सभासद चार. मी, बाबू, मुंबई-गोवा रस्त्यावर हातखंब्याजवळ आंब्याची बाग असलेले रावजी आणि मासळीवाली धोंडूबाई.

धोंडूबाईला वीरांशी काही कर्तव्य नव्हतं. तिला एकच वीर ठाऊक होता, समुद्राखाली लढणारा जलधर. त्याचं काम करणारा नट गुडघाभर पाण्यालाही भ्यायचा. म्हणून पाण्यातली सगळी दृश्यं धोंडूबाईचा मुलगा मोरू करायचा, पाठमोरा. तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात बापाची होडी सोडून तो मुंबईला पळाला. निघताना धोंडूबाईनं रागाच्या भरात त्याला सुनावलं होतं, 'परत या दारात पाऊल टाकू नको.' त्यानं ते शब्दशः पाळलं. आला नाही, पत्र नाही. पुढे 'पंचबाहू'चा दुसरा भाग टॉकीजला लागला आणि पडद्यावर एक उघडी पाठ पाण्यात शिरली. डाव्या खांद्यावर गळ लागल्याचा वण होता. वण झाकायला रंग फासतात, पण पाण्यात तो टिकत नाही. धोंडूबाईनं तो सिनेमा अकरा वेळा पाहिला. मालिका बंद पडल्यावर तिला मुलाची पाठही दिसेनाशी झाली, म्हणून ती मंडळात आली होती.

पहिल्या सभेत बाबूनं सूचना मांडली. "पाच जन पाच ठिकानांवरनं निगतात नि येकाच मिनटाला पोचतात. ह्ये मला पटत नाय. येक तरी लेट हवा."

रावजींची तक्रार वेगळी होती. "त्यो गगन मुंबयतनं गोव्याला उडतो नि हातखंब्याला खाली बगत पन नाय. आख्खी दुनिया तितं थांबते. चा तरी प्यायचा."

मी झग्यांचं बोललो. त्यावर कोणी फारसं लक्ष दिलं नाही. आमच्याकडे कलेची कदर कमीच.

मग बाबूनं 'खर्च आटोपशीर' ही ओळ पुन्हा वाचली आणि रावजी म्हणाले, "मंग पान्यातला काडा. पान्यातलं काम म्हाग. चार वीर पुरे झाले, पालखीला पन चारच खांदे लागतात." मत घेतलं. तीन हात वर झाले. त्यातला एक माझा होता, हे मी लपवत नाही. धोंडूबाईनं तिन्ही हात नीट पाहून घेतले, पाटी उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात बांगड्यांच्या राशी पडल्या होत्या. मी धोंडूबाईच्या शेजारी बसणाऱ्या गुणवंतीपुढे उभा राहिलो.

"इकलेत," ती म्हणाली.

"अगं, समोर तर पडलेत."

"पडलेत ते इकलेत."

सगुणाकडचेही विकलेले निघाले. अख्ख्या बाजारात मला एक कोळंबी मिळेना. बाबूच्या डब्यात त्याच्या बायकोनं, कमळानं, तीन दिवस दुधी दिला. गाडीतल्या उतारूंशी तो एवढा तुसडा वागला की कंट्रोलरकडे तक्रार गेली. रावजींच्या वाडीत मासळी घेऊन फिरणाऱ्या बाया त्यांचं एकच घर वगळून पुढे जायला लागल्या. नेमके त्याच दिवशी त्यांच्याकडे व्याही आले होते. व्याह्यांना उसळीवर जेवायला घालावं लागलं. रावजी सांगताना रडायचे बाकी होते. माझ्या घरी आमच्या मंडळींनी रिकामं ताट पुढ्यात ठेवून सांगितलं, "त्या पाण्यातल्या माणसाला परत घ्या, नाहीतर जेवायला मंडळात जा."

चौथ्या दिवशी तातडीची सभा झाली. जलधर एकमतानं परत आला, आणि तोही पाचांत पहिला मान घेऊन. अवघ्या चार दिवसांत असा चमत्कार निर्मात्यालाही जमला नसता.

धोंडूबाईची मात्र एक अट होती. "पान्यात तो सारका पाठमोरा असतो. येक डाव वळू दे म्हनावं. तोंड बगू दे."

मी तिला समजावलं, "तोंड नटाचं, पाठ मोरूची, असा करार असतो. तो वळला तर सगळं बिंग फुटेल."

"पाठ कुनाची ती आमाला ठावं हाय. तोंड बी त्येचंच हाय. तुमी लिवा."

मी पाच पानी पत्र लिहिलं. झग्यांच्या आकृत्या काढल्या, मापं घातली. अक्षर असं की छापल्यासारखं. आणि धोंडूबाईची सूचना मी लिहिली नाही. मनाला सांगितलं, मोरूची नोकरी जाईल. खरं कारण वेगळं होतं. एवढ्या विद्वान पत्राच्या शेवटी ते वाक्य आलं तर मुंबईचे लोक हसतील आणि माझे झगेही त्यात वाहून जातील, अशी मला भीती वाटत होती.

दुपारी ती आली आणि म्हणाली, "वाचून दाकवा." मी पाचही पानं वाचली. शेवटी कोऱ्या जागेवर डोळे ठेवून मी तिचं वाक्य तोंडानं म्हटलं, जलधरानं एकदा वळावं, तोंड दाखवावं.

"परत वाचा, येवडंच."

मी ती कोरी जागा पुन्हा वाचली. तिला फार बरं वाटलेलं दिसलं. तिनं शाईत अंगठा बुडवला आणि नेमका त्याच जागेवर उठवला.

फेब्रुवारीच्या अखेरीस माझ्या नावानं उत्तर आलं. निर्मात्याचं नव्हतं, मोरूचं होतं. धोंडूबाईला निरोप धाडला, तर ती मासे कापता कापता तशीच उठून आली. मी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागलो.

'आप्पांस नमस्कार. साहेबांना मराठी येत नाही. पत्र रत्नागिरीचं म्हणून मला पाण्यातून बाहेर बोलावलं. ओल्या अंगानं उभं राहून मी पाचही पानं वाचून दाखवली. गगन हातखंब्याला थांबणार नाही. लेट कोणी येणार नाही. पण झगे गुडघ्यापर्यंत आखूड करायची सूचना साहेबांना पटली. कापड वाचतं.'

मी थांबलो. असं वाक्य माणसाच्या आयुष्यात एकदा येतं. मी ते पुन्हा वाचलं, जरा सावकाश. मग डोळे खालच्या ओळींवर गेले.

"फुडं?" धोंडूबाई म्हणाली.

सगळं खुशाल आहे, असं म्हणून पत्र घडी करता आलं असतं. तिला कळलं नसतं. तेवढंच मला सहन होईना. मी वाचलं.

'पत्राखाली आयेचा अंगठा बघितला. वाटलं, तिचंही काही असेल. म्हणून पाचही पानं पुन्हा वाचली. तिचा एक शब्द नव्हता. म्हणजे तिचा राग गेलेला नाही. म्हणून शिमग्याला येत नाही. तिला हे सांगू नका.'

समोरच्या रस्त्यावरून सायकली जात होत्या. धोंडूबाईच्या मनगटावर माशाचे खवले चिकटले होते, ते ती एकेक काढत बसली.

"लिवलं नव्हतंत," ती म्हणाली.

"नाही."

"दोन डाव वाचलंत."

मला लाज वाटली. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारात तिचा आवाज बंदराच्या धक्क्यापर्यंत जातो. पण ती एवढंच म्हणाली, "कागद घ्या."

मी घेतला. तिनं सांगितलं आणि मी लिहिलं: 'मोरू, मी रागावून बोललेय. घरी ये. तुजं तोंड बगायचं हाय. आये.' झग्यांचं काही नाही, मापं नाहीत. अंगठा उठवून तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि निघाली. आधी स्टँडवर जाऊन तो बाबूकडून वाचून घेतला. मग गुणवंतीच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून. मग पोस्टात, खिडकीतल्या कारकुनाकडून. तिघांचंही सारखं निघालं, तेव्हा कुठे पाकिटावर पत्ता लिहायला ती माझ्याकडे परत आली. पत्ताही मग तिनं कारकुनाला दाखवला. संध्याकाळपर्यंत ते पत्र अख्ख्या मासळीबाजाराला तोंडपाठ झालं होतं आणि ते असं का फिरवावं लागलं, हेही सगळ्यांना कळलं होतं. माझ्याकडे बघून बाया बोलायच्या थांबत. त्यांचं चुकत नव्हतं.

आठ दिवसांनी सकाळी मी धोंडूबाईकडे सुरमई घेत होतो. ती मासे द्यायची, पण बोलायची नाही. मी सुरमई उचलून हातात घेतली आणि माझ्या शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. काळासावळा, तिशीच्या आतला, एका हातात पत्र्याची पेटी. मी त्याला ओळखलं नाही. मीही तीन वर्षं त्याची पाठच पाहिलेली.

धोंडूबाईनं वर पाहिलं. कोयता खाली ठेवून ती उठली. हात रक्तानं माखलेले, ते तिनं पातळाला पुसले आणि मोरूची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. मासा ताजा आहे की नाही हे बघताना ती वळवते तसंच. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मोरू मुकाट्यानं वळत होता.

सुरमई हातात धरून मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो. ती घ्यायची की परत ठेवायची, हे मला कोणीच विचारलं नाही.